घरांनी जगवलेले मूकपट

मूकपटांच्या जीर्णोद्धाराची हकिगत बहुतेक वेळा एकाच क्रमाने सांगितली जाते. आधी सिनेमा चित्रपटगृहात लागतो, मग हरवतो, मग एखाद्या अभिलेखागारातले जाणकार तो शोधून दुरुस्त करतात आणि सगळ्यात शेवटी डीव्हीडी किंवा ब्लू-रेच्या रूपाने तो घरात येतो. या क्रमात घराला शेवटच्या गिऱ्हाइकाचे स्थान मिळते. मूकपटांचा इतिहास बारकाईने पाहिला, तर मला हा क्रम अर्धाच खरा वाटतो. घरात दाखवण्यासाठी काढलेल्या लहान, काटछाट केलेल्या, दुय्यम समजल्या गेलेल्या प्रती नसत्या, तर जीर्णोद्धार करायला हाताशी फारसे काही उरलेच नसते.

याचे कारण फिल्मच्या रसायनात आहे. चित्रपटगृहात चालणारी 35 मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असे. चित्र देखणे उमटे, पण ती भडकन पेट घेई आणि नीट साठवली नाही तर चिकट होऊन शेवटी तिचा भुगा होई. दिवाणखान्यात असली वस्तू चालवणे धोक्याचे होते. म्हणून घरगुती प्रोजेक्टर निघाले तेव्हा त्यांच्यासाठी सहज पेट न घेणारी अॅसिटेटची फिल्म वापरली गेली. फ्रान्सच्या पाथे कंपनीने 1912 च्या सुमारास 28 मिलिमीटरची आणि 1922 मध्ये 9.5 मिलिमीटरची फिल्म आणली. कोडॅकची 16 मिलिमीटरची फिल्म 1923 मध्ये आली. कोडॅकने लवकरच कोडास्कोप नावाची लायब्ररी काढून गाजलेल्या सिनेमांच्या छोट्या आवृत्त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. पुढे बोलपट आले, मूकपटांचे बाजारमूल्य संपले आणि कंपन्यांनी नायट्रेटच्या प्रती चांदी काढण्यासाठी वितळवल्या, जाळल्या किंवा गोदामात सडू दिल्या. घराघरांतल्या कपाटांत पडलेल्या अॅसिटेटच्या प्रती मात्र कोणाच्या हिशेबात नव्हत्या, आणि म्हणूनच त्या वाचल्या. अॅसिटेटही अमर नसते. कालांतराने त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो आणि ते आक्रसते. पण मधल्या काळात कोणीतरी नक्कल काढून घेईपर्यंत त्याने तग धरला.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. अमेरिकेत निघालेल्या जवळपास 11,000 पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ 35 मिलिमीटरच्या स्वरूपात संपूर्ण उरलेत फक्त 14 टक्के. याशिवाय 11 टक्के सिनेमे पूर्ण आहेत, पण एक तर परदेशी आवृत्तीत किंवा 28 आणि 16 मिलिमीटरच्या छोट्या फिल्मवर. हा दुसरा आकडा तळटीप म्हणून वाचून पुढे जाण्याचा नाही. डायनोसॉरच्या करामतींसाठी गाजलेला 1925 चा ‘द लॉस्ट वर्ल्ड’ अनेक दशके लोकांनी पाहिला तो कोडास्कोपच्या तुटपुंज्या प्रतीतून. चेकोस्लोव्हाकियातली जास्त भरलेली प्रत खूप पुढे हाती आली. आबेल गान्सच्या ‘नेपोलियन’चे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. केव्हिन ब्राउनलो या इंग्रज मुलाने शाळकरी वयात, 1950 च्या दशकात, या सिनेमाची 9.5 मिलिमीटरची दोन रिळे घेतली. घरच्या पडद्यावर दिसलेल्या त्या तुकड्यांमुळे तो बाकीच्या सिनेमाच्या शोधाला लागला आणि आयुष्यभर त्याच कामात राहिला. 1980 मध्ये लंडनमध्ये कार्ल डेव्हिसच्या संगीतासह झालेला प्रयोग आणि 2016 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने काढलेली साडेपाच तासांची ब्लू-रे, ही सगळी त्या दोन रिळांची वाढ आहे.

फ्रित्स लांगच्या ‘मेट्रोपोलिस’कडे जरा थांबून पाहू. 10 जानेवारी 1927 रोजी बर्लिनमध्ये तो लागला तेव्हा त्याची लांबी 4,189 मीटर होती. अमेरिकेतल्या वितरकाने तो कापला, खुद्द जर्मनीतही कापलेली आवृत्तीच पुन्हा लावली गेली, आणि जवळपास पाऊण शतक जगाने जो पाहिला तो हाच कापलेला ‘मेट्रोपोलिस’. कापताना नुसते मिनिटांचे नुकसान झाले नाही, कथेचे कारणच गेले. शास्त्रज्ञ रोटवांग यंत्रमानव घडवतो तो हेल या मृत स्त्रीच्या ध्यासापोटी. तिच्यावर त्याचे प्रेम होते, पण तिने शहराच्या सत्ताधीशाशी लग्न केले. इंग्रजीत तिचे नाव नरकाच्या शब्दासारखे वाटते म्हणून अमेरिकन आवृत्तीतून ती सगळीच गाळली, आणि रोटवांग उरला तो निव्वळ माथेफिरू. 2008 मध्ये ब्युनोस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत मिळाली, तीही 16 मिलिमीटरची. 1928 मध्ये अर्जेंटिनात नेलेली नायट्रेट प्रत पुढे एका समीक्षकाच्या खासगी संग्रहात होती. आगीच्या भीतीने तिची छोट्या फिल्मवर नक्कल केली गेली, तीही मूळ प्रत साफ न करता, त्यामुळे तिच्यावरचे ओरखडे नकलेत कायमचे उतरले. ही प्रत घरगुती वापरासाठी नव्हती हे खरे, पण ती टिकली ती लहान आणि न पेटणाऱ्या फिल्ममुळेच. 2010 च्या ब्लू-रेवर हे तुकडे लगेच ओळखू येतात. आधीचे दृश्य आरशासारखे लख्ख असते. मग अचानक उभ्या रेघांचा पाऊस सुरू होतो आणि चौकट लहान होऊन कडेला काळी पट्टी येते, कारण 16 मिलिमीटरमध्ये चित्राचा तेवढा भाग मावलाच नव्हता. जे अजूनही मिळालेले नाही, उदाहरणार्थ रोटवांग आणि सत्ताधीशाची झटापट, तिथे फक्त मजकुराची पाटी येते. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी हे सांधे लपवले नाहीत, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मूकपट हा मोठ्या पडद्याचा, हजारभर प्रेक्षकांचा आणि समोर वाजणाऱ्या वाद्यवृंदाचा अनुभव आहे, घरात त्याची फक्त सावली दिसते, असा. यात तथ्य आहे. त्याला जोडून असेही म्हणता येईल की घरगुती प्रतींनीच मूकपटांची बदनामी केली. एकेकाळी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त व्हिडिओ कॅसेट पाहिल्या की माणसे टुणटुण उड्या मारत चालताहेत असे वाटे, कारण कमी गतीने चित्रित केलेली फिल्म जास्त गतीने फिरवलेली असे. रंगही गेलेले असत. मुर्नाऊच्या 1922 च्या ‘नोस्फेरातू’मध्ये सूर्यप्रकाशाने मरणारा काउंट शवपेटी काखोटीला मारून भर उन्हात गावातून हिंडताना दिसतो. मूळ प्रतीत त्या दृश्याला निळी छटा होती. निळा म्हणजे रात्र, हे त्या वेळच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नसे. निळा रंग उडाला आणि कथा हास्यास्पद झाली. पण हाच दाखला उलट बाजूनेही वापरता येतो. आज घरबसल्या मिळणाऱ्या जीर्णोद्धारित आवृत्तीत तो निळा रंग परत आला आहे, आणि वाद्यवृंदासह असे सिनेमे पाहण्याची संधी जगातल्या मोजक्या शहरांतल्या लोकांनाच, तीही क्वचित, मिळते. बाकीच्यांसाठी घर आणि काहीच नाही, यांतून निवड आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एकाच सिनेमाच्या इतक्या आवृत्त्या निघतात की खरा कोणता हेच कळेनासे होते. पण या प्रश्नाची मराठी वाचकाला तरी धास्ती वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा शेकडो पोथ्या ताडून संहिता ठरवली आणि पाठभेद खाली छापले. ‘मेट्रोपोलिस’ तर एकाहून अधिक निगेटिव्हांवर चित्रित झाला. एकच प्रसंग वेगवेगळ्या प्रतींत वेगळ्या कोनातून दिसतो. अशा वेळी कोणता तुकडा कुठून घेतला हे सांगणारी डिस्क हीच प्रामाणिक आवृत्ती. चित्रपटगृहातला प्रेक्षक मागे जाऊन दोन प्रती ताडून पाहू शकत नाही, घरातला पाहू शकतो.

घर आता पैसाही पुरवते. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या आरंभीच्या सिनेमांचा 2016 मधला मोठा डिस्क-संच प्रेक्षकांनी आगाऊ वर्गणी देऊन उभा केला. ऑस्कर मिशो या दिग्दर्शकाचे सिनेमे त्यामुळे सामान्य माणसाच्या हाती आले.

आपल्याकडे हे चित्र उलट बाजूने दिसते. भारतात सुमारे 1,300 मूकपट निघाले आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच धड उरले. माझ्या मते याचे एक कारण असे की इथे प्रोजेक्टर घरात नव्हता. प्रती गावोगावच्या तंबूंत झिजेपर्यंत फिरल्या आणि मग चांदीच्या भावाने गेल्या. हिमांशू रॉय आणि फ्रान्झ ओस्टेन यांचा 1928 चा ‘शिराझ’ वाचला, त्याचा जीर्णोद्धार झाला आणि 2017 मध्ये अनुष्का शंकरच्या संगीतासह तो पुन्हा दाखवला गेला, कारण त्यात ब्रिटिश आणि जर्मन भागीदारी होती आणि फिल्म लंडनला होती. दादासाहेब फाळक्यांचे जे थोडे उरले, त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांना फाळके कुटुंबीयांकडे जावे लागले. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि चौथी एवढीच रिळे आज आपल्याकडे आहेत, आणि तीही 1913 ची नसून 1917 मध्ये पुन्हा केलेल्या सिनेमाची असावीत असे काही अभ्यासक मानतात.