गाठीत किती पोचले?

न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी ल्युटेशियम-177 डोटाटेट देताना बहुतेक रुग्णांना एकच ठरीव प्रमाण मिळते: दर खेपेस 7.4 गिगाबेकरेल, म्हणजे 200 मिलिक्युरी, आठ आठवड्यांच्या अंतराने चार वेळा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या नेटर-1 चाचणीतले हे प्रमाण. शिरेतून किती गेले ते यावरून नेमके कळते. गाठीत किती पोचले ते कळत नाही. बाहेरून किरणोपचार देताना मात्रेचा आराखडा काढल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. मग इथेच ही ढिलाई का चालते?

मोजण्याची सोय खुद्द ल्युटेशियमातच आहे. त्याचे बीटा कण ऊतींत जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात आणि पेशी मारतात. शिवाय शंभर विघटनांमागे दहाएक वेळा 208 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सुटतो, तो कॅमेरा टिपतो. उपचारापूर्वीचे गॅलियम-68चे पेट स्कॅन, डोटाटेट ज्यांना चिकटते ते ग्राहक गाठीवर आहेत की नाहीत ते दाखवते. पण गॅलियमचे अर्धायुष्य जेमतेम 68 मिनिटे. औषध गाठीत किती दिवस टिकेल, हे त्याला कुठून कळणार? ल्युटेशियमचे अर्धायुष्य 6.65 दिवस असल्याने आठवड्यानंतरही चित्र मिळते.

आणि टिकण्यालाच खरे महत्त्व आहे. विजेचे बिल दिव्याच्या तेजाइतकेच तो किती तास जळला यावर ठरते, तसे हे. 20 ग्रॅमची गाठ सुरुवातीला 100 मेगाबेकरेल धरून ठेवते असे समजू. भौतिक ऱ्हास आणि शरीरातून होणारा निचरा मिळून प्रभावी अर्धायुष्य 80 तास असेल, तर बीटा कणांची मात्रा सुमारे 49 ग्रे येते. तेच 40 तास असेल तर निम्मी. पहिल्या काही तासांत काढलेल्या चित्रात मात्र या दोन गाठी जवळपास सारख्याच उजळ दिसतील.

आता कॅमेऱ्याचे दोष. सपाट चित्रात यकृत, आतडे आणि गाठ एकमेकांवर पडतात, म्हणून स्पेक्ट-सीटी हवे: सीटीवरून ऊतींत अडलेल्या किरणांची भरपाई करता येते, विखुरलेले किरण वेगळे वजा करावे लागतात. मोजलेल्या ठिणग्यांचे बेकरेल करण्यासाठी, ज्ञात सक्रियतेचा नमुना त्याच कॅमेऱ्यावर आधी मोजलेला असावा लागतो. एवढे करूनही लहान गाठ फसवते. या ऊर्जेला स्पेक्टची विभेदनक्षमता सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून ढोबळ असते; सेंटिमीटरभर गाठीचे संकेत आजूबाजूला सांडतात आणि ग्रहण कमी भासते. वस्तुमानाची चूकही जबर. 20 मिलिमीटरचा व्यास 22 धरला की आकारमान तिसऱ्या हिश्श्याने वाढते आणि मात्रा पाव हिश्श्याने घटते. अशा गाठीची मात्रा दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत छापणारा अहवाल मला तरी विनोदी वाटतो.

सक्रियता वेळेनुसार कशी घटते त्याच्या वक्ररेषेसाठी 4, 24, 96 आणि 168 तासांनी चित्रे घेतली तर उत्तम. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम तयार होते आणि परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर ते वापरते. पण लांबून आलेल्या रुग्णाला आठवडाभर मुंबईत ठेवणे सोपे नाही. एकच चित्र परवडणार असेल तर ते चौथ्या दिवशीचे असावे. याला गणिती आधार आहे. 96 तासांची सक्रियता घेऊन तिला त्या वेळेच्या दुपटीने गुणावे आणि दोनच्या नैसर्गिक लॉगॅरिथमने भागावे, म्हणजे एकूण विघटनांची बेरीज मिळते. ऱ्हास एकघातांकी असेल आणि प्रभावी अर्धायुष्य 40 ते 125 तासांच्या दरम्यान असेल, तर अशा बेरजेतली चूक साधारण दहा टक्क्यांच्या आत राहते. मूत्रपिंडे आणि बहुतेक गाठी या पट्ट्यात बसतात. पहिल्या दिवशीच्या चित्राला ही सूट नाही, आणि घाईत नेमके तेच घेतले जाते.

मूत्रपिंडांसाठी 23 ग्रेची मर्यादा वापरतात, ती बाह्य किरणोपचारातून उसनी घेतलेली आहे. तिथे मात्रा झपाट्याने पडते, इथे ती दिवसेंदिवस झिरपते. म्हणून ती मर्यादा इथे बहुधा गरजेपेक्षा कडक ठरते. गाठीसाठी तर अशी सर्वमान्य मर्यादाच नाही. शिवाय गाठ आक्रसत गेली की पुढच्या खेपेस एकूण ग्रहण घटते, पण प्रति ग्रॅम ग्रहण तेवढेच राहू शकते. पहिल्या खेपेचे वस्तुमान तसेच पुढे वापरले तर चांगला प्रतिसादही ग्रहण खालावल्यासारखा दिसतो. दर खेपेस गाठ नव्याने आखावी लागते ती यासाठी.