उलटून येणारा नमस्कार

नमस्कार साऱ्या जगात आहे. जपानात कंबरेतून वाकतात, थायलंडात हात जोडतात, विलायतेत टोपी काढतात. आपल्याकडे पागोटे डोक्यावर राहते, वहाणा निघतात. पण कोणी कोणापुढे वाकायचे, हे बहुतेक ठिकाणी आधीच ठरलेले असते. १७९३ साली इंग्रजांचा वकील मॅकार्टनी चीनच्या बादशहाकडे गेला. तेथे तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा कपाळ जमिनीला लावायची रीत. त्यावरून मोठी खळखळ झाली. इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे तो एकाच गुडघ्यावर वाकला. बादशहाने वाकण्याचा तर प्रश्नच नव्हता!

वारकऱ्यांचा नमस्कार मात्र उलटून येतो. एक माळकरी पाया पडायला वाकतो, तोवर दुसरा वाकलेलाच असतो. सत्तरीचा टाळकरी नातवाच्या वयाच्या पोराचे पाय धरतो. तुकोबांनी वाळवंटातला खेळ वर्णिला, त्यातही वर्णाभिमान विसरणे आणि एकमेकांच्या पायी लागणे जोडीनेच आले आहे.

हे झाले वाळवंटातले. चोखोबांची समाधी मात्र महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलमंदिर अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांना खुले व्हायला १९४७ साल उजाडले, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ज्याचे पाय वाळवंटात धरायचे, त्याला देवाचे पाय सहाशे वर्षे धरू दिले नाहीत. आमच्या अमरावतीतही अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी १९२७ साली चळवळ झाली. पंजाबराव देशमुख तिच्यात पुढे होते. कीर्तनकार हा भाग टाळतात. टाळू नये.

शेंडगावचे गाडगेबाबा तर पायाला हातच लावू देत नसत. कोणी वाकला की काठी उगारत. लोक याला लहर म्हणत. मला तसे वाटत नाही. बुवांच्या पाया पडणारा शेजाऱ्याला शिवत नाही, हे त्यांनी गावोगाव पाहिले होते. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा त्यांनी उगाच नाही बांधली.

आता कीर्तन संपले की बुवा ताठ उभे, समोर रांग, आणि आशीर्वादाचा हात वर. तो हात खाली कधी येतो, ते पाहत असतो मी. जुनी रीत पाहायची तर अकोट-दर्यापूरकडच्या एखाद्या सप्ताहात रात्री दोन वाजता जावे. पहारा बदलतो. वीणा खाली टेकवायची नसते. घेणारा आधी देणाऱ्याच्या पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो. मग देणारा त्याच्या पाया पडतो आणि झोपायला जातो.