नळदुर्गचा टेलर साहेब आणि त्याचें घराणें



लातूर, औसा, उदगीर या बाजूचा जो श्रोता तुळजापुरास जातो, त्याला नळदुर्गचा किल्ला परका नाहीं. बोरी नदीचें पाणी अडवून बांधलेला तो बंधारा, त्याच्या पोटांतला पाणीमहाल आणि पावसाळ्यांत कोसळणारे नर-मादी धबधबे पाहून कोणीहि इब्राहीम आदिलशहाच्या कारागिरांना धन्यवाद देतो. परंतु याच किल्ल्यांत गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत एक इंग्रज राहून गेला व या मुलुखाविषयीं पुष्कळ लिहून गेला, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. त्याचें नांव फिलिप मेडोज टेलर. आज त्याची व त्याच्या घराण्याची हकीकत सांगण्याचें मीं योजिलें आहे.

टेलरचा जन्म 1808 सालीं लिव्हरपूल येथें झाला. बाप व्यापारी, पण धंदा बसत चाललेला. सोळावें वर्षहि पुरें झालें नव्हतें, तोंच 1824 सालीं हा मुलगा एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीसाठीं मुंबईस उतरला. मोठेपणीं भागीदारी मिळेल, असें वचन त्याला मिळालें होतें. येऊन पाहतो तों पेढीच बुडण्याच्या बेतांत! तेव्हां एका आप्ताच्या खटपटीनें त्याला निजामाच्या फौजेंत जागा मिळाली, आणि तो औरंगाबादेस आला. कंपनीच्या सनदी नोकरीचा मान व पगार त्याला कधींच लाभला नाहीं. मात्र फारसी, हिंदुस्थानी व मराठी या भाषा त्यानें मनापासून आत्मसात केल्या. इतर साहेब दुभाष्याच्या तोंडून जें ऐकत, तें तो स्वतःच्या कानांनीं ऐकूं लागला.

पुढें हैदराबादेस त्याचा विवाह मेरी पामर हिच्याशीं झाला. येथें या सासरच्या घराण्याची ओळख करून घेतली पाहिजे. मेरीचा आजा जनरल विल्यम पामर हा पुण्याच्या दरबारीं इंग्रजांचा रेसिडेंट होता. नाना फडणीस 1800 सालीं वारले, तेव्हां मराठी राज्यांतील शहाणपण व संयम त्यांच्याबरोबर गेला, असा अभिप्राय देणारा तो हाच. त्याची पत्नी फैज बख्श बेगम ही उत्तर हिंदुस्थानांतील मुसलमान घराण्यांतली. त्यांचा पुत्र विल्यम पामर प्रथम निजामाच्या फौजेंत होता. नंतर 1814 सालीं त्यानें हैदराबादेस सावकारी पेढी घातली. म्हणजे टेलरच्या मुलींच्या अंगांत लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याचें रक्त होतें, तसेंच त्या बेगमेचेंहि होतें. पुढें गोऱ्या व काळ्यांमध्यें जो तट उभा राहिला, तो या घरांत तेव्हां शिरला नव्हता.

परंतु या घराण्याची दुसरी बाजूहि सांगितलीच पाहिजे. पामरच्या पेढीनें निजाम सरकारास जें कर्ज दिलें, त्याचें व्याज सालिना शेंकडा चोवीस-पंचवीस पडे. या पैशांतून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचा पगार भागविला जाई. तें कर्ज फेडण्यासाठीं निजामाला उत्तर सरकारांबद्दल इंग्रजांकडून येणाऱ्या दरसाल सात लाखांच्या पेशकशीवर पाणी सोडावें लागलें. रेसिडेंट मेटकाफच्या विरोधापुढें 1824 सालीं पामरची पेढीहि बुडाली. पण फौजेच्या खर्चाचें ओझें दौलतीच्या मानेवरून उतरलें नाहीं. अखेर थकबाकी इतकी वाढली कीं, 1853 च्या तहानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग प्रांत निजामाला इंग्रजांच्या हवालीं करावा लागला. आणि नळदुर्गच्या कारभारावर नेमणूक कोणाची झाली? त्याच फौजेंत उमेदवारी केलेल्या, त्याच सावकाराच्या जांवयाची, मेडोज टेलरची! सासऱ्यानें ज्या कर्जाचा पाया घातला, त्याच्या पायीं गहाण पडलेला मुलूख जांवयाच्या हातीं आला.

टेलरला हा प्रांत नवा नव्हता. तरुणपणीं तुळजापूरच्या बाजूस पोलिसी काम करतांना त्यानें ठगांचा माग काढण्यास आरंभ केला होता. पण काम अर्धवट असतांनाच त्याला पलटणींत परत बोलाविण्यांत आलें. ही रुखरुख त्याच्या मनांतून गेली नाहीं. 1839 सालीं त्यानें ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेंत हिंगोलीच्या छावणींत प्रतिष्ठित कापडव्यापारी म्हणून वावरणाऱ्या एका ठगाची हकीकत आली आहे. नांदेड-हिंगोलीच्या वाटेवरचा प्रवास तेव्हां किती भरंवशाचा होता, हें त्यावरून कळतें.

नळदुर्गास टेलर 1857 पर्यंत होता. किल्ल्यांतच त्याचें बिऱ्हाड असे. रस्ते, तलाव, जमिनीची मोजणी या कामांत त्यानें स्वतःला गाडून घेतलें. बायको शोरापूरच्या दिवसांतच निवर्तली होती, मुलें कांहीं लहानपणींच गेलीं होतीं. मागें मुली तेवढ्या उरल्या होत्या.

शोरापूरची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तेथील बेरड राजा व्यंकटप्पा नायक लहान असतांना टेलरनें त्याचें राज्य सांभाळलें. मुलगा त्याला ‘अप्पा’, म्हणजे बाप, म्हणे. हाच राजा 1858 च्या बंडांत सांपडला. टेलर त्याला कैदखान्यांत भेटला. साथीदारांचीं नांवें सांगितल्यास शिक्षा सौम्य होईल, अशी आशा दाखविण्यांत आली. पण राजानें तोंड उघडलें नाहीं. फांशीची शिक्षा रद्द होऊन थोड्या वर्षांची कैद ठरली. तरी वाटेंतच राजाला रक्षक अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून अंत आला, आणि ती त्यानेंच झाडून घेतली असें मानतात. ज्या सरकारची टेलरनें इमानानें चाकरी केली, त्याच सरकारपुढें त्याचा मानलेला मुलगा असा संपला.

1860 सालीं टेलर विलायतेस गेला. त्याच वर्षीं नळदुर्ग निजामाकडे परत आला. पुढें ‘तारा’ या 1863 च्या कादंबरींत त्यानें तुळजापूरच्या ब्राह्मण कन्येची कथा सांगितली, आणि 1872 च्या ‘सीते’मध्यें हिंदु विधवेचा इंग्रज अधिकाऱ्याशीं विवाह रंगविला. स्वतःच्या घरची आठवण त्याला तेव्हां झाली नसेल, असें कोण म्हणेल? सालारजंगाच्या आमंत्रणावरून 1875 सालीं तो हैदराबादेस पुन्हां आला. दृष्टि मंदावली होती. परततांना 1876 च्या मे महिन्यांत फ्रान्समधील मेन्टन येथें तो वारला. त्याचें आत्मचरित्र मुलगी अ‍ॅलिस हिनें पुढच्या वर्षीं छापविलें.

त्यानंतर निजामी राज्य 1948 सालीं संपलें. 1982 सालीं लातूरचा जिल्हा निराळा झाला. टेलर परका होता, परक्या सत्तेचा नोकर होता, हें आपण विसरूं नये. पण आपल्या गांवांचें त्या काळचें वर्णन शोधूं लागलों, तर तें पुष्कळदां त्या बेगमेच्या पणतीनें जपलेल्या पानांतच हातीं लागतें. आपल्या घरांतल्या जुन्या दप्तरांच्या गांठी सोडावयास आपणच पुढें यावें, एवढेंच या हकीकतीवरून सुचवून मी आपली रजा घेतों.