गाणं कोणाचं, हे रेडिओला कसं कळलं

१९४९ सालच्या ‘महल’ची गाणी रेडिओवर वाजू लागली, तेव्हा रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलेलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या मधुबालेचं नाव. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, ही गाते कोण? रेडिओने रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. त्या काळी गाण्याचं नाव श्रोत्यापर्यंत पोचण्याची वाट एवढीच होती: रेकॉर्डचं लेबल, स्टुडिओतली क्यू-शीट (वाजवायच्या गाण्यांची यादी) आणि निवेदकाचा आवाज. लेबलावर चूक असली तर ती थेट कानापर्यंत जायची, पण विचारायला आणि दुरुस्त करायला वाटेत माणसं होती.

आज गाडीतल्या पडद्यावर किंवा मोबाइलच्या अॅपमध्ये गाणं सुरू होताच गायकाचं आणि गाण्याचं नाव सरकत येतं. ते कोणी टाइप करत नाही. स्टेशनातल्या ऑटोमेशनच्या संगणकापासून त्या पडद्यापर्यंत चार-पाच यंत्रं आणि प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देत असतात. ही साखळी कोणी एका बैठकीत आखलेली नाही. तिची प्रत्येक कडी निराळ्या देशात, निराळ्या कामासाठी तयार झाली आणि नंतर पुढच्या कडीला जोडली गेली. आज पडद्यावर काय दिसतं आणि काय गळतं, याचं उत्तर या जोडकामात आहे.

सुरुवात अमेरिकेत. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात पॉल शेफर यांनी रेडिओ स्टेशन माणसाशिवाय चालवणारी यंत्रणा, म्हणजे ऑटोमेशन, बांधायला घेतली. टेपची मोठी रिळं, जाहिरातींची यंत्रं आणि त्यांना पाळीपाळीने सुरू करणारा नियंत्रक, असा तो थाट होता. पुढे अशा यंत्रणांत गाण्याच्या शेवटी टेपवर २५ हर्ट्झचा खोल, जवळपास ऐकू न येणारा स्वर भरलेला असे. तो कानी पडताच नियंत्रक पुढचं यंत्र सुरू करी. जाहिरातींच्या ‘कार्ट’ काडतुसांमध्ये वेगळ्या पट्टीवर १ किलोहर्ट्झचा संकेत असे. टेप फिरून पुन्हा मूळ जागी आली की तो तिला थांबवी. म्हणजे गाणं संपलं हे यंत्राला गाण्याचं नाव कळण्याच्या कितीतरी आधी कळू लागलं. आत काय वाजतंय याचा त्याला पत्ता नव्हता, आणि कामासाठी गरजही नव्हती.

नाव शिरलं ते दुसऱ्या दाराने. कोणतं गाणं किती दिवसांनी पुन्हा लावायचं, एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ नयेत हे कसं सांभाळायचं, याचा हिशेब स्टेशनांत कार्डांच्या पेट्यांवर चाले. १९७९ मध्ये अँड्र्यू इकॉनोमोस यांच्या आरसीएस कंपनीने ‘सिलेक्टर’ हा प्रोग्रॅम काढून तो हिशेब संगणकावर नेला. कार्डाचे रकाने संगणकात आले: गाण्याचं शीर्षक, कलाकार, लय, प्रकार. हे रकाने श्रोत्यासाठी नव्हते. ते संगीत निवडणाऱ्यासाठी होते, आणि त्याला कलाकार हवा होता तो दोन गाण्यांतलं अंतर राखण्यापुरता. आजच्या पडद्यावरची ‘कलाकार – गाणं’ ही जोडी बरीचशी या कामचलाऊ कार्डाची वारस आहे.

१९९०च्या दशकात गाणी हार्ड डिस्कवर गेली आणि यादी व आवाज एकाच यंत्रात नांदू लागले. आता ऑटोमेशनला या क्षणी कोणत्या क्रमांकाची फाइल वाजतेय आणि तिचं नाव काय, दोन्ही माहीत होतं. पुढे फाइलच्या पोटातच नाव ठेवायची सोय झाली. २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने एईएस-४६ या मानकाद्वारे वेव्ह फाइलमध्ये ‘कार्ट’ नावाचा कप्पाच ठरवून दिला. शीर्षक, कलाकार आणि आवाज कुठून सुरू होऊन कुठे संपतो याच्या वेळा त्यात भरता येतात. जुन्या प्लास्टिकच्या काडतुसाचं नाव असं फाइलमध्ये टिकून राहिलं.

इकडे श्रोत्याच्या बाजूला युरोपात वेगळंच काम चाललं होतं, आणि त्याचा संबंध गाण्याशी नव्हता, रस्त्यांशी होता. पश्चिम जर्मनीत १९७४ पासून ‘एआरआय’ ही व्यवस्था सुरू झाली. गाडीतल्या रेडिओला कोणतं स्टेशन वाहतुकीची माहिती देतं आणि ती सूचना नेमकी कधी सुरू झाली, हे ती कळवत असे. त्यासाठी एफएमच्या लहरीत ५७ किलोहर्ट्झवर एक जादा, कानाला न ऐकू येणारा वाहक बसवला होता. ५७ हा स्टिरिओच्या १९ किलोहर्ट्झ पायलट स्वराचा तिप्पट आकडा, त्यामुळे दोघांची गाठ पक्की राहते. स्वीडनमध्ये याच जातीची पद्धत पेजरसाठी वापरात होती. या दोन्हींच्या अनुभवावर युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९८४ मध्ये ‘रेडिओ डेटा सिस्टिम’, म्हणजे आरडीएस, हे मानक प्रसिद्ध केलं. ते त्याच ५७ किलोहर्ट्झवर, एआरआयला धक्का न लावता बसवलं होतं.

आरडीएसचा वेग सेकंदाला ११८७.५ बिट, म्हणजे ५७ हजाराचा अठ्ठेचाळिसावा भाग. १०४ बिटांचा एक गट असे सेकंदाला अकराच्या आसपास गट जातात. स्टेशनाच्या नावाला अवघी ८ अक्षरं. ‘रेडिओ टेक्स्ट’ या मजकुराला ६४ अक्षरं, आणि ती एका गटात चार या हिशेबाने सोळा गटांत जातात. सगळे गट मजकुराला दिले तर दीड सेकंदात काम होईल. पण त्याच रांगेत स्टेशनाची ओळख, त्याच्या इतर फ्रिक्वेन्सी आणि वाहतुकीचे संकेतही उभे असतात. म्हणून नाव यायला काही सेकंद लागतात, आणि बोगद्यात एखादा गट हरवला तर मधली चार अक्षरं गायब होतात.

ऑटोमेशन आणि मजकूर एफएमच्या लहरीत भरणारा आरडीएस एन्कोडर या दोन टोकांची गाठ सुरुवातीला एका सिरियल केबलने पडली. प्रत्येक गाण्याच्या आरंभी ऑटोमेशन एक ओळ बाहेर टाकी, एन्कोडर ती उचली. पुढे केबलची जागा नेटवर्कने घेतली: कुठे एक्सएमएल फाइल, कुठे थेट टीसीपी किंवा यूडीपीचा निरोप. प्रत्येक कंपनीच्या ऑटोमेशनचा साचा वेगळा असल्याने मध्ये बसून भाषांतर करणारे प्रोग्रॅम आले. या मधल्या प्रोग्रॅमला अक्कल लागते. ऑटोमेशनसाठी गाणं, जिंगल, जाहिरात आणि बातम्यांची धून या सारख्याच फाइली असतात. म्हणून आधी वर्ग पाहायचा. गाणं असेल तर नाव पुढे, नाहीतर स्टेशनाचं घोषवाक्य. ही चाळणी नीट लावली नाही की श्रोत्याला पडद्यावर जाहिरातीचा फाइल क्रमांक दिसतो. मग ‘कलाकार – शीर्षक’ असा साचा लावायचा, ६४ अक्षरांपुढचं कापायचं आणि रवाना करायचं.

अनेक गाड्यांतले रेडिओ ६४ अक्षरांचा मजकूर दाखवतच नव्हते. स्टेशनाची ८ अक्षरं मात्र सगळे दाखवत. तेव्हा कित्येक स्टेशनांनी त्या आठांतच गाण्याचं नाव तुकड्यातुकड्यांनी पळवायला सुरुवात केली. ते नाव स्थिर असावं अशी मानकाची अट होती, कारण चालवणाऱ्याने रस्त्याकडे पाहायचं असतं. अट एकीकडे राहिली आणि सरकती अक्षरं एकीकडे.

इंटरनेटवरची शाखा आणखी निराळी. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी एमपी३ फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची चिठ्ठी जोडली. ती ‘आयडी३’. शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३० बाइट. मग १९९८-९९ च्या सुमारास नलसॉफ्ट कंपनीचा ‘शाउटकास्ट’ आला आणि घरी बसून रेडिओ चालवता येऊ लागला. त्यातली युक्ती अशी: आवाजाचे ठरावीक बाइट गेले की मध्येच गाण्याचं नाव घुसवायचं. नावाच्या आधीचा एक बाइट लांबी सांगतो, त्याला सोळाने गुणायचं. प्लेअरने ही माहिती आधी मागून घ्यावी लागते. न मागता पाठवली तर तो तिलाच आवाज समजून वाजवेल आणि कानावर खरखर येईल. ऑटोमेशनकडून सर्व्हरला नाव कळवायची रीत त्याहून साधी: एका वेबपत्त्याच्या शेपटीला गाण्याचं नाव जोडायचं आणि तो पत्ता उघडायचा. ‘आइसकास्ट’नेही हीच रीत ठेवली. यात रकाने नाहीत, एकच ओळ आहे. गायक कुठे संपला आणि गाणं कुठे सुरू झालं हे मधल्या आडव्या रेघेवरून ओळखायचं. नावातच आडवी रेघ असली तर अंदाजाने चालायचं.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने या चिठ्ठीला कायद्याचं बळ दिलं. वैधानिक परवान्याखाली (म्हणजे मालकाशी वेगळा करार न करता कायद्याने मिळणाऱ्या परवान्याखाली) नेटवर रेकॉर्ड वाजवणाऱ्याने शीर्षक, अल्बम आणि प्रमुख कलाकार ही माहिती गाणं वाजत असताना दाखवावी, पण आधी दाखवू नये, असं त्यात आहे. आधी कळलं तर श्रोता रेकॉर्डिंगची तयारी करून बसेल, ही धास्ती. तांत्रिक माणसासाठी हे कलम वेळेचं गणित झालं. नेटवरचा आवाज कित्येक सेकंद मागे असतो, अमेरिकेतल्या एचडी या डिजिटल रेडिओत आवाज साधारण आठ सेकंद उशिरा येतो, एफएमवर लगेच. एकाच क्षणी निघालेलं नाव प्रत्येक वाटेवर वेगवेगळं थोपवून ठेवावं लागतं.

रकान्यांचा प्रश्न सोडवायचा एक प्रामाणिक प्रयत्न आरडीएसमध्ये ‘आरटी प्लस’ या भरीने झाला. ६४ अक्षरांच्या मजकुरातली अमुक क्रमांकापासूनची अमुक अक्षरं म्हणजे शीर्षक, अमुक म्हणजे कलाकार, अशा खुणा ती पाठवते. मजकूर तोच राहतो, फक्त यंत्राला त्यातले भाग कळतात. या खुणांच्या यादीत शीर्षक, अल्बम, कलाकार, संगीतकार, वाद्यवृंद, एवढंच काय, पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी रचनेचा खंड आणि वाद्यवृंदाचा संचालकही आहे. गीतकार नाही.

आपल्याकडे हे खुपतं. १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीवर चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार ही नावं सांगायची चाल पडली. भावगीत तर कवी, संगीतकार आणि गायक या तिघांचं असतं. पुष्कळदा त्याला वेगळं शीर्षकही नसतं, पहिली ओळ हेच नाव. निवेदकाच्या तोंडी सहज बसणारी ही माहिती ‘कलाकार – शीर्षक’ या साच्यात शिरली की कवी बाहेर राहतो.

लिपीचंही तसंच. आरडीएसच्या मानकात भाषांची सांकेतिक यादी आहे आणि तिच्यात मराठीला स्वतःचा क्रमांक आहे. पण मूळ मानकाच्या अक्षरतक्त्यांत देवनागरी नव्हती. कार्यक्रम मराठीत आहे एवढं यंत्र सांगू शकत होतं, मराठीत सांगू शकत नव्हतं. नंतरच्या आवृत्तीत यूटीएफ-८ मधल्या १२८ बाइटांच्या मजकुराची सोय झाली. आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी स्वीकारलेल्या डीआरएम या डिजिटल पद्धतीतही मजकुराची मर्यादा १२८ बाइट आणि लिपी यूटीएफ-८. यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं. उदाहरणार्थ, एका भावगीताची तीन नावं घ्या: कवयित्री शांता शेळके ३१ बाइट, संगीतकार हृदयनाथ मंगेशकर ४३, गायिका लता मंगेशकर ३१. मधले स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून १०९ झाले. उरलेल्या १९ बाइटांत गाण्याच्या पहिल्या ओळीची जेमतेम सहा चिन्हं मावतात.

तरी जागेची सबब पूर्ण खरी नाही. आयडी३ च्या दुसऱ्या पिढीत, १९९८ पासून, गीतकारासाठी स्वतंत्र रकाना आहे आणि संगीतकारासाठीही. वेबसाइट आणि अॅपला अक्षरांची मर्यादा जवळपास नाहीच, आणि ६४ अक्षरांतही नावं दोन पाळ्यांत दाखवता येतात. भारतीय कायदाही या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेलं कलम ३१ड सांगतं की वैधानिक परवान्यावर कलाकृती प्रसारित करणाऱ्याने तिचे रचनाकार आणि प्रमुख कलाकार यांची नावं प्रसारणाबरोबर जाहीर करावीत. गाण्याचे शब्द ज्याचे, तो रचनाकार.

साखळीतली यंत्रं आपल्याला दिलं तेवढंच पुढे नेतात. नाव गळतं ते बहुधा पहिल्याच पायरीवर, गाणं संगणकात भरताना गीतकाराचा रकाना मोकळा सोडला जातो तिथे. स्टेशनाचा संग्रह सांभाळणाऱ्यांनी, नेटवर मराठी रेडिओ चालवणाऱ्यांनी आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांचं डिजिटायझेशन करणाऱ्यांनी तो रकाना भरावा, देवनागरीत भरावा, आणि मधल्या प्रोग्रॅमच्या साच्यात त्याला जागा द्यावी. हे काम एकदाच करावं लागतं. पुढे ते गाणं जितक्या वेळा वाजेल तितक्या वेळा कवीचं नाव आपोआप जाईल.