रुग्णालयांचे नियमपालन व गुणवत्ता-व्यवस्थापन (महाराष्ट्र)

रुग्णालय चालवण्यासाठी कायद्याने घातलेल्या अटी पाळणे आणि उपचारांचा दर्जा सतत तपासत राहणे, या दोन कामांची मिळून होणारी व्यवस्था. पहिल्यात कसूर झाली तर परवाना जातो. दुसऱ्यात झाली तर रुग्णाचे नुकसान होते आणि ते पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

राज्यातील खासगी रुग्णालयांची नोंदणी आजही १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. जुन्याच कायद्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. नोंदणीखेरीज क्ष-किरण व सीटी स्कॅनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची, रक्तपेढीसाठी अन्न व औषध प्रशासनाची परवानगी लागते. जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या डब्यांत वेगळा करावा लागतो; प्रक्रियेविना तो ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

सर्वाधिक वाद होतो तो सोनोग्राफीवर. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो आणि त्यातील उणीव हाच कायद्याचा भंग मानला जातो. भंग केला नाही हे दाखवून देण्याची जबाबदारी तपासणी करणाऱ्यावर असते. कारकुनी चुकीला गुन्हा ठरवू नये, असे म्हणत स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २०१९ मध्ये तरतूद कायम ठेवली, आणि ते योग्यच झाले: लिंगनिदानाचा दुसरा पुरावा मागे उरतच नाही, कागद तेवढा उरतो.

इतरत्र मात्र कागदावर इतका भरवसा टाकता येत नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. हा कायदा असतानाच ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाला आग लागून १० बालके दगावली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले.

गुणवत्तेची बाजू बव्हंशी ऐच्छिक आहे. खासगी क्षेत्रात भारतीय गुणवत्ता परिषदेच्या ‘एनएबीएच’ या मंडळाचे मानांकन प्रतिष्ठेचे समजले जाते. सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आहेत; राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी एकूण किमान ७० टक्के गुण लागतात. पाहणीच्या आदल्या रात्री रजिस्टरे भरण्याची प्रथा दोन्हीकडे अपरिचित नाही.

अव्हेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय दर्जा मोजण्याच्या तीन बाजू मांडल्या: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. परवाने मुख्यतः रचना पाहतात: जागा, खाटा, परिचारिका, यंत्रे. मानांकन प्रक्रियेपर्यंत पोहोचते. रुग्णाला मात्र परिणामाशीच कर्तव्य असते: शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग किती जणांना झाला, किती जणांना पुन्हा दाखल व्हावे लागले. मानांकित रुग्णालये असे आकडे ठेवतात. ते लोकांसमोर मांडण्याची सक्ती त्यांच्यावर नाही.