कुरण कोणाचें?

गाय ज्याची त्याची. पण ती चरते तें गवत कोणाचें? श्रोतेहो, समुद्रपूर, हिंगणघाट व आर्वी हा वर्धा जिल्ह्याचा मुलूख कापसाइतकाच गुरांचा. गवळाऊ जातीचीं चपळ पांढरीं जनावरें इथलींच. म्हणून या मुलखानें हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे.

वर्धा जिल्हा १८६२ सालीं निर्माण झाला. त्याच दशकांतील जमाबंदीनें मालगुजारांस गांवची मालकी मिळाली. पडीत रानहि त्यांच्याच नांवें चढलें. मात्र रयतेचा निस्तार-हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या दफ्तरांत नमूद झाला. निस्तार म्हणजे घरापुरतें सरपण, औतापुरतें लांकूड आणि आपल्या गुरांपुरती चराई. व्यापारासाठीं तो हक्क नव्हता. ‘पुरतें’ हा शब्दच या व्यवस्थेचा कणा होय.

पुढें हा कणा दोहोंकडून वांकला. रान हें कित्येक मालगुजारांस उत्पन्नाचें साधन वाटूं लागलें. सरकारनें १८७८ च्या कायद्यानें जंगलें राखीव केलीं. बंदी असलेल्या रानांत शिरलेलें ढोर १८७१ च्या कायद्यान्वयें कोंडवाड्यांत जाई. गरिबाला दंड भरून जनावर सोडवणें जड जाई. हा असंतोष शेजारच्या वऱ्हाडांत उघड झाला. १९३० च्या जुलैंत लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदेस राखीव रानांतील गवत कापून कायदेभंग केला. मूठभर गवत, पण त्यामागें प्रश्न तोच!

३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली आणि गांवचें रान सरकारजमा झालें. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतहि विदर्भासाठीं निस्तारपत्रकाची तरतूद राहिली. पण मालक बदलला म्हणून तंटा मिटला नाहीं. ज्याचीं शंभर जनावरें तो शंभर तोंडांनीं सार्वजनिक गवत खातो, आणि एका शेळीवर संसार चालविणाऱ्या विधवेस उरतो तो उघडा मुरूम. जिल्ह्याच्या उत्तरेकडील बोर येथें १९७० सालीं अभयारण्य व २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. तेथें वाघ हा तिसरा वांटेकरी आला.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें चराईचा सामूहिक हक्क मान्य केला, हें योग्यच झालें. परंतु हक्काबरोबर मापहि यावयास हवें. किती जनावरें, कोणत्या रानांत, कोणत्या महिन्यांत, हें गांवानें बसून ठरविलें, तरच कुरण टिकेल. जुन्या दफ्तरांतील ‘पुरतें’ हा शब्द विसरला गेला, तर सर्वांचें रान अखेर कोणाचेंच उरणार नाहीं.