पावलांवरची मालकी

१९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याच्या व्यायामाचं वारं वाहू लागलं आणि १९६५ मध्ये यामासा कंपनीने कंबरेला लावायचा पाऊलमापक बाजारात आणला. रोज दहा हजार पावलांचा आकडा जगभर रुजला तो या यंत्राच्या विक्रीतून. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन कंपन्यांनी ही मोजणी मनगटावर चढवली आणि तिच्या हक्कावरून एकमेकींना कोर्टात खेचलं.

जॉबोन त्यातली थोरली. १९९९ मध्ये अलिफ नावाने सुरू झालेल्या या कंपनीचं नाव झालं ते ब्लूटूथ हेडसेटमुळे. २०११ मध्ये तिने ‘अप’ हा मनगटी पट्टा आणला. पण पट्टे बंद पडू लागले आणि महिन्याभरातच गिऱ्हाइकांना पैसे परत करायची पाळी आली. २०१३ मध्ये तिने पिट्सबर्गची बॉडीमीडिया विकत घेतली, तेव्हा तिची पेटंटंही जॉबोनच्या पदरात पडली. फिटबिट धाकटी, २००७ची. बाजार मात्र धाकटीने मारला.

मे २०१५ मध्ये फिटबिट शेअर बाजारात उतरण्याच्या बेतात असतानाच जॉबोनने पहिला दावा ठोकला: फिटबिटने आपली माणसं फोडली आणि त्यांनी जाताना व्यापारी गुपितं नेली. जूनमध्ये पेटंटभंगाचा दावा आला. तरीही १८ जूनला २० डॉलरने विकलेला फिटबिटचा शेअर दिवसअखेर ३० डॉलरच्या आसपास पोचला.

जुलैत जॉबोन अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे गेली. हा आयोग नुकसानभरपाई देत नाही; तो माल देशाबाहेरच अडवतो. पट्टे परदेशात बनून येत असल्याने आयातबंदी म्हणजे दुकानच बंद. फिटबिटनेही मग आपली पेटंटं काढून उलट तक्रार केली.

२०१६ मध्ये आयोगाच्या न्यायाधीश डी लॉर्ड यांनी जॉबोनच्या तक्रारीत उरलेली पेटंटं रद्दबातल ठरवली: आरोग्याची माहिती गोळा करणं नि दाखवणं ही अमूर्त कल्पना, तिच्यावर मक्तेदारी मिळत नाही. याला आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या ‘अ‍ॅलिस’ निकालाचा. जुलैत आयोगाकडे त्याच मुद्द्यावर फिटबिटची पेटंटंही मोडीत निघाली. ऑगस्टमध्ये गुपितचोरीचा आरोपही फेटाळला गेला.

एव्हाना जॉबोनची तिजोरी आटली होती. २०१७ मध्ये तिने गाशा गुंडाळला आणि वर्षाखेरीस उरलेले दिवाणी दावे तडजोडीने मिटले. फौजदारी बाजू मात्र त्यानंतर उघडली. जून २०१८ मध्ये फिटबिटच्या सहा आजी-माजी कर्मचाऱ्यांवर जॉबोनची गुपितं बाळगल्याचा आरोप ठेवला गेला. त्यांतल्या पहिल्या खटल्यात २०२० मध्ये ज्यूरीने निर्दोष असा कौल दिला.

फिटबिटला त्या विजयाने तारलं नाही. अ‍ॅपलच्या घड्याळाने आणि चिनी बनावटीच्या स्वस्त पट्ट्यांनी तिचं गिऱ्हाईक खाल्लं. गूगलने जानेवारी २०२१ मध्ये तिचा ताबा घेतला, तेव्हा शेअरमागे मोजले ७ डॉलर ३५ सेंट.